माळ, माय आणि माल

आधी काकीचं सांगतो, गाणं मागून येईल. हेंद्रेपाड्यातल्या काकीनं मला बदलापुरात राहायला खोली दिली, जेवायला घातलं, आणि मी कोण, किती शिकलेला, पळून आलो की काय, यातलं काहीही विचारायच्या आधी आंघोळीला पाणी तापवून दिलं. तिचं माझं नातं काहीच नव्हतं. ती इथली आगरी, मी अकोल्याकडचा. मी आठवीत शाळा सोडलेली आणि ती शाळेत गेलेलीच नाही, त्यामुळे त्या घरात शिक्षणाच्या बाबतीत माझा वरचष्मा होता. बाकी कुठल्याच बाबतीत नव्हता.

आमची भेट एका चुकीच्या जेवणावर झाली. उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात मला काम लागलं होतं, पण झोपायला जागा नव्हती. बदलापुरात भाडी कमी असतात असं कोणीतरी सांगितलं म्हणून पश्चिमेला उतरून दारोदार विचारत हिंडत होतो. हेंद्रेपाड्यात एका घरापुढं मांडव होता आणि पंगत बसत होती. मी खाली मान घालून बाजूनं निघालो, तर एका गृहस्थानं अडवून विचारलं, कुठला? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, वऱ्हाडातला. त्यानं माझा दंड धरला आणि मला थेट पानावर नेऊन बसवलं. आमच्याकडे वऱ्हाड म्हणजे मुलूख, त्या मांडवात वऱ्हाड म्हणजे नवऱ्याकडची माणसं. मी दोन दिवसांचा उपाशी. भाषेचा खुलासा करण्याइतका प्रामाणिकपणा तेव्हा पोटात शिल्लक नव्हता.

बिरडं वाढायला आलेली बाई माझ्यापुढं थांबली. नवऱ्याचा तू कोण, म्हणून तिनं विचारलं. मी हळूच सांगितलं की कोणीच नाही, मी अकोल्याचा आहे, खोली शोधतोय.

"हलू बोल," ती म्हणाली, आणि आणखी एक डाव वाढला. "आधी जेव."

ती काकी. संध्याकाळी तिच्या घरामागच्या खोलीत माझी पिशवी टेकली. तेव्हापासून पाड्यात माझं नाव वऱ्हाडी पडलं आणि कुठल्याही लग्नाला मला आग्रहाशिवाय जेवायला मिळू लागलं.

कारखान्यात माझ्याकडे लेबल लावायचं काम होतं. पँट आमच्या गल्लीत कापली जायची, आमच्याच गल्लीत शिवली जायची, आणि शेवटी माझ्याकडे यायची, ती परदेशी व्हायला. मी मागच्या खिशावर चौकोनी लेबल टाकायचो की ती अमेरिकेची. दुसरा गठ्ठा आला की इटलीची. एकदा घाईत एकाच पँटला दोन्ही देश लागले. शेठनं ती बघितली, जराशी उलटीपालटी केली आणि हिला जास्त भाव येईल म्हणून वेगळी काढून ठेवली.

काकीचं काम याच्या बरोब्बर उलट होतं. ती हळदीला गायची. नवरीला हळद लावताना बायका गोल बसतात, पहिली ओळ एकीनं टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, आणि पाड्यातली पहिली ओळ काकीची. मध्येच ती नवऱ्याच्या मामाला टोमणा मारणार, विहिणीच्या नाकावर चार शब्द जोडणार, आणि ज्याची उडवली तोच सगळ्यात जास्त हसणार. त्या गाण्यांवर तिच्या नावाचं लेबल कुठं लावलेलं नव्हतं, पण तिच्यावाचून हळद उतरते असं कोणाला वाटतही नव्हतं.

मग बेंजो पार्ट्या आल्या. एक बेंजो, एक कॅसिओ, एक ढोलकी आणि हातगाडीवर चढवलेले दोन कर्णे. त्या आवाजापुढं काकीचा गोल कोपऱ्यात सरकला, मग मांडवाबाहेर, मग स्वयंपाकघरात. लोक तिला अजून बोलवायचे, पण भाजी निवडायला.

ती बोलायची नाही. पण तिच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि भावानं अंबरनाथच्या बेंजो पार्टीला सुपारी दिल्याचं कानावर आलं, त्या दिवशी तिनं भाकरी थापता थापता मला विचारलं, "भाचीचे हलदीला आत्यानं काय करायचं रं? पाहुनीसारखं खुर्चीवर बसायचं?"

मी घाबरट माणूस. मला आधी वाटलं, ही अशी खचली तर घर विकून सासरी असलेल्या आपल्या लेकीकडे जाईल, आणि मग माझं काय? परोपकाराचे विचार माझ्या डोक्यात नेहमी अशाच दारानं येतात. पण आले. ठरवलं की हिला असं एक नवं गाणं द्यायचं, जे बेंजोवाल्याकडे नाही. मग भाऊ झक मारत बोलवेल.

गाणं मी मशिनवर बसून रचलं. लेबलाला चार बाजू. टर्र, कापड फिरव. टर्र, फिरव. चार वेळा टर्र झालं की पाय उचलायचा. त्यामुळे माझ्या गाण्याच्या ओळीत आपोआप चारच शब्द बसले. नवरी नवऱ्याला म्हणते आहे:

तुझी माळ माझ्या गळी.

आठवी नापास माणसाच्या मानानं मला ते फारच उच्च वाटलं. घरी आलो आणि काकीला म्हणून दाखवलं. आता यात एक अडचण होती, ती मला तोवर माहीत नव्हती. आमच्याकडे ळ हे अक्षर फक्त पुस्तकात असतं. तोंडात येईपर्यंत त्याचा य होतो. शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया. मी मोठ्या भावनेनं डोळे मिटून गायलो, "तुही माय माह्या गयी."

काकीनं भाकरी तव्यावर टाकली. "नवऱ्याची माय नवरीचे गल्यान? ती तं पडतेच. त्याचं गानं कशाला करायचं?"

मी समजावलं, की माय नाही, फुलांची असते ती, गळ्यात घालतात ती. जीभ टाळूला लावून, वळवून, शाळेतल्या गुरुजींची आठवण काढून मी एकदाचा तो ळ बाहेर काढला.

"मंग माल बोल ना," काकी म्हणाली.

"माल नाही काकी. माळ."

"तेच बोलतंय मी. माल."

तिच्याकडे ळ चा ल होतो. हळदीची हलद, डोळ्याचा डोला. त्या घरात आम्ही दोघं होतो आणि दोघांपैकी एकाच्याही तोंडात ते अक्षर नव्हतं. शेवटी ती माझी आश्रयदाती, मी तिचा भाडेकरू, आणि माय पेक्षा माल बरा, म्हणून मी मान्य केलं. "तुजी माल माजे गली." चाल तिनं लावली. पुढची कडवी मी सांगितली, त्यातली निम्मी तिनं बदलली, आणि बदललेली चांगली होती.

पुढच्या हळदीला, शेजारच्याच घरी, तिनं ते टाकलं. बेंजोवाले चहा प्यायला गेले होते तेवढ्यात. बायकांनी पहिल्या फेरीतच उचललं. मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या तरुण मंडळींनी "माल" आला की शिट्ट्या मारायला सुरुवात केली. काकीला वाटलं, आपला आवाज अजून शाबूत आहे. शिट्ट्या कशासाठी ते मी तिला सांगितलं नाही. आवाज खरंच शाबूत होता.

आठवडाभरात, भावानं सुपारी दिली होती त्याच पार्टीचा बेंजो मास्तर दारात. तो अंबरनाथ एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि उरलेल्या वेळात कला करायचा. बोटं कायम पिवळी, त्यामुळे हळदीला शोभायचा. काकीला वाकून नमस्कार करून त्यानं विचारलं की गाणं कोणाचं. काकीनं ताठ मानेनं माझ्याकडे बोट केलं.

"भाऊ, गाणं टाईट आहे," मास्तर मला म्हणाला. "देऊन टाक ना. तू काय गात नाहीस. काकी गाणार गल्लीत. आपल्याकडे कर्णा आहे."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे काहीतरी मागत होतं. मी लगेच देणारच होतो, पण काकी चहा टाकायला आत गेली आणि मला धीर आला. म्हटलं, गाणं तुझं. वाजव, गा, काय करायचं ते कर. पण काकीच्या भाचीच्या हळदीला पहिलं गाणं काकी म्हणणार. माईकवर.

"एवढंच?" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी स्वस्तात गेलो. पण मला तेवढंच हवं होतं.

त्यानं गाणं नेलं आणि पहिल्याच रात्री त्याचं व्याकरण सुधारलं. माल पुल्लिंगी. त्यामुळे "तुझी" गेलं, "तुझा" आलं. काकीच्या तोंडी उरलेली थोडीशी फुलं त्यानं झटकून टाकली आणि गाणं झालं, "तुझा माल माझे गली."

यानंतर जे झालं त्याला माझा काही इलाज नव्हता. अंबरनाथला एका कंपनीच्या सत्यनारायणाला ते वाजलं. शहाडला पगाराच्या दिवशी वाजलं. दोन रिक्षा स्टँडांचं भांडण लागलं तेव्हा एका स्टँडनं दुसऱ्याला चिडवायला तेच लावलं. उल्हासनगरात तर ते व्यापाराचं राष्ट्रगीतच झालं. तिथल्या सिंधी दुकानदारांनी ते आपल्या हिंदीत वळवून घेतलं, तेरा माल मेरी गली, आणि टेंपोच्या मागं रंगवलं. मला वाटतं गावाचं इतकं खरं वर्णन आजवर कोणी केलं नव्हतं, आणि ते करायचा माझा बिलकूल विचार नव्हता. मी एका नवरीच्या गळ्यात फुलं घालायला निघालो होतो.

मग कॅसेट आली. काढली कोणी, तर माझ्याच शेठनं. आमच्या कारखान्यात खाली पँटा व्हायच्या आणि वर कॅसेटी. मी एक दिवस जिना चढून गेलो, बटणाशी चाळा करत उभा राहिलो आणि म्हणालो, की साईं, ते गाणं मी लिहिलंय. शेठ चांगला माणूस. तो रागावला नाही. कोणत्या वेळात लिहिलं एवढंच त्यानं विचारलं. कामाच्या वेळात लिहिलं असेल तर तसं ते कारखान्याचंच होतं. मी म्हणालो की नाव आलं असतं तर बरं झालं असतं, घरी अकोल्याला पाठवली असती.

"अरे साईं, नाव नाव काय करतो," शेठ समजुतीनं म्हणाला. "तू दिवसभर नावच लावतो ना? कधी त्या अमेरिकावाल्यानं येऊन तुला विचारलं, माझं नाव का लावलं?"

हे मला पटलं. म्हणजे तिथं उभा होतो तोवर तरी पटलं. त्यानं मला एक कॅसेट फुकट दिली. मी ती काकीकडे नेली आणि कव्हरवरचं वाचून दाखवलं. गायक, अमुक बेंजो पार्टी. संगीत, अमुक मास्तर. गीत, पारंपरिक. काकीनं आपल्या घरातल्या आणि शेजारच्या इतर कॅसेटी आणायला लावल्या आणि त्याही वाचायला सांगितल्या. बऱ्याच गाण्यांपुढं तेच होतं.

"हा पारंपरिक कोन रं?" तिनं विचारलं. "लय गानी लिवतो."

तेव्हा मी ऐन विशीत होतो आणि परंपरा झालो होतो. आमच्या आळीत इतक्या लवकर कोणी झालं नव्हतं.

याच सुमाराला पूर्वेकडच्या एका सांस्कृतिक मंडळाला गाण्याचा त्रास होऊ लागला. ऑफिसला जाणारी, नाटकं बघणारी, शुद्ध बोलणारी माणसं. त्यांच्यातले एक निवृत्त अधिकारी हे अश्लील गाणं सार्वजनिक ठिकाणी बंद व्हावं म्हणून सह्या गोळा करत हेंद्रेपाड्यात आले. त्यांनी मला उंबऱ्यावर गाठलं. पायजम्याला इस्त्री, हातात फाउंटन पेन. मी उठून उभा राहिलो, कारण चांगल्या घरचं माणूस दिसलं की मी अजूनही उभा राहतो. ते म्हणाले, असलं कोण लिहितं कळत नाही. मी म्हणालो, पारंपरिक आहे म्हणे. त्यावर ते इतके कळवळले की मलाच वाईट वाटलं.

"आपल्या परंपरेत असलं नाही हो," ते म्हणाले. "मूळ गाण्यात माळ असणार. माळ, गळा. किती सुंदर कल्पना! या लोकांनी त्याचा माल केला."

आणि त्यांनी तो ळ असा काही म्हटला, स्वच्छ, गोल, तबकात ठेवल्यासारखा, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साऱ्या बदलापुरात माझं खरं गाणं ओळखणारा हा एकच माणूस भेटला होता, आणि तो ते बंद पाडायला निघाला होता. मला त्यांचे उपकार कसे फेडावे कळेना. मी सही केली. त्यांनी ती पाहिली आणि तरुण पिढीत अजून संस्कार आहेत असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली.

गाणं अर्थातच बंद झालं नाही. पण हळद जवळ आली.

आता माझी झोप उडाली होती. कारण मी काकीला हळदीला माईक मिळवून दिला होता, पण त्यापायी तिचं गाणं वेगळ्याच शब्दांत साऱ्या जगाच्या तोंडी झालं होतं. बेंजो मास्तर शब्दाला जागला, हे त्याच्या बाबतीत सांगितलंच पाहिजे. भाचीला पाटावर बसवल्यावर त्यानं कर्ण्यातून पुकारा केला की आता आपल्यासमोर आपलं प्राचीन लोकगीत घेऊन येत आहेत नवरीच्या आत्या. प्राचीन म्हटल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

काकी उठली. नवं लुगडं, केसांत अबोली. माईक तिनं भाजीचा डाव धरावा तसा धरला आणि सुरू केलं, "तुजी माल माजे गली."

पुढं बसलेली एक पोरगी मोठ्यानं म्हणाली, "काकी, तुजी नाय, तुजा." चारदोन जण हसले. काकीनं पुन्हा तीच ओळ घेतली. या वेळी मागून सगळा मांडव कॅसेटच्या चालीत वेगळंच म्हणू लागला. बेंजो एकीकडे, काकी एकीकडे. मास्तर वाकून तिच्या कानाशी पुटपुटला, पण माईक चालू होता, म्हणून ते सगळ्यांनी ऐकलं.

"काकी, ओरिजिनल म्हणा ना."

काकी थांबली. तिचा भाऊ गर्दीतून पुढं आला. मनानं वाईट नाही, पण पाहुण्यांसमोर घाम फुटलेला माणूस. "बाय, बस आता," तो म्हणाला. "पोरांना करू दे."

मी खांबाला धरून उभा होतो. वाटत होतं, काकीला मांडवातून उठवणारं गाणं माझंच, आणि आज ही खुर्चीवर जाऊन बसली की उद्या मी पिशवी उचलावी हे बरं.

काकी बसली नाही. तिनं भावाकडे पाहिलं, मग मास्तरकडे, आणि मास्तरला म्हणाली, "वाजव. तुजंच वाजव." त्यानं गोंधळून कॅसेटची चाल सुरू केली. ती दोन आवर्तनं नुसती मान हलवत राहिली, ताल कुठं लागतो ते बघत. आणि मग तिनं टाकलं:

"तुजा माल माजे गली, बेंजो वाजं दारान,
भाव इचारी बहिनीला, कोन तू माजे घरान!"

मग बायकांच्या घोळक्यातून हसू फुटलं आणि ते मांडवभर गेलं. बायकांनी ओळ उचलली, नुसती उचलली नाही, भावाच्या अंगावर फेकली. काकीनं पुढचं कडवं मास्तरच्या पिवळ्या बोटांवर केलं, की हळद नवरीला लागायच्या आधी याला कोणी लावली. त्यापुढचं नवऱ्याकडच्या गाडीवर, जी ढकलल्याशिवाय सुरू होत नव्हती. शेवटी मला पण सोडलं नाही. मागच्या खोलीत राहतो, माय गळ्यात घालतो, असं काहीतरी होतं. ते मला पूर्ण ऐकू आलं नाही, माझ्या कानांत नुसता हशा होता. गाणं माझं राहिलं नव्हतं आणि मास्तरचंही नव्हतं. बेंजो तिच्या मागं धावत होता, सूर शोधत, आणि मास्तरची बोटं प्रत्येक वेळी तिथं जरा उशिरा पोचत होती.

ती दम घ्यायला थांबली तेव्हा भावानं स्वतःची खुर्ची ओढून तिच्यापुढं ठेवली. बसायला नव्हे. तिनं तिच्यावर एक पाय ठेवावा, लुगडं आवरावं आणि नीट उभं राहावं म्हणून.

"बाय," तो म्हणाला, "म्होरं बोल."

ती हळद उतरेपर्यंत बोलत राहिली. त्यानंतर तिला हळदीला भाजी निवडायला कोणी बोलावलं नाही. बेंजोवालेच सुपारी घेताना विचारू लागले की काकी येणार असेल तर आम्ही येतो, कारण लोक आता तिचे टोमणे मागत. शेठनं वर दुसरी कॅसेट काढली, तिच्यात ती कडवी होती. गीत, पारंपरिक. काकीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली की या माणसाला एकदा जेवायला बोलव.

मी पुढं बरीच वर्षं लेबलं लावली, मग लग्न झालं आणि अंबरनाथला बिऱ्हाड केलं. माझी मुलगी आता तिसरीत आहे. ती ळ अगदी त्या निवृत्त अधिकाऱ्यांसारखा म्हणते आणि मला सुधारते. काकी थकली आहे. आवाज घोगरा झालाय, पण जीभ तशीच आहे. तिनं मला इतकी वर्षं जे दिलं त्याबद्दल मी तिला कधी धड काही बोललेलो नाही. बोलायला गेलो की ती जेवायला वाढते.

म्हणून इथं लिहून ठेवतो. माझ्या मुलीची हळद होईल, तेव्हा माईक पहिल्यांदा काकीच्या हातात जाईल. आमच्या अकोल्याच्या पाहुण्यांना ते विचित्र वाटेल, आमच्याकडे असं नसतं असं ते म्हणतील, म्हणू देत. काय गायचं ते तिनं ठरवावं, मी एक ओळही लिहून देणार नाही. ती माझी उडवणार, व्याह्यांची उडवणार, ते सगळं मी पुढं बसून ऐकेन. तोवर तिला चालवेनासं झालं असेल तर मांडव अंबरनाथला घालणार नाही, तिच्या दारात घालीन आणि नवरीला तिथं नेईन. तेवढं थांब, काकी. हे मी फेडणार आहे.